रायशनबाख: मारायला निवडलेली जागा

स्वित्झर्लंडचे पहिले सहा दिवस बर्फ, केबल कार आणि तळ्यांत गेले. त्याबद्दल सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते मायरिंगनच्या एका दुपारबद्दल. आपल्याकडच्या सहली इंटरलाकेनला मुक्काम करतात आणि तिथून गाडीने साधारण अर्ध्या तासावर असलेल्या या गावाकडे फिरकत नाहीत, याची फार हळहळ वाटते. कॉनन डॉयलने 1893 च्या गोष्टीत आपल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला ज्या धबधब्यात ढकललं, तो रायशनबाख इथे आहे.

मायरिंगन स्टेशनवरून विलिगनपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालत जायचं. तिथून लाल लाकडी डब्याची फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने चढावर ओढली जाणारी रेल्वे, वर जाते. ती 1899 सालची, म्हणजे गोष्टीनंतर सहा वर्षांनी आलेली. म्हणूनच गोष्टीतल्या वॉटसनला, होम्सच्या मित्राला, सगळी चढ-उतार पायी करावी लागते. ही गाडी साधारण मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच चालते. शिवाय या ओढ्याचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, त्यामुळे काही काळ धबधबा अगदीच बारीक दिसतो. वितळत्या बर्फाचं पाणी जोरात असतं तेव्हा या, नाहीतर भलताच भ्रमनिरास होईल.

खरी चूक होते ती वरच्या स्टेशनवर. उतरल्याउतरल्या समोर सज्जा आहे. तिथून धबधबा पूर्ण दिसतो, लोक फोटो काढतात आणि त्याच गाडीने खाली जातात. पण होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी यांची झटापट झाली ती जागा इथे नाहीच. सज्जावरून पाण्याच्या पलीकडच्या कड्यावर नीट पाहिलं की एक पांढरा तारा दिसतो. जागा ती. तिथे जायचं तर धबधब्याच्या कडेकडेने माथ्यापर्यंत चढायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या बाजूने खाली उतरायचं. वाट ओली, पायऱ्या निसरड्या, मध्येमध्ये झाडांची मुळं. पकड असलेले बूट हवेतच. तासभर तरी हाताशी ठेवा आणि शेवटची गाडी कितीची ते आधीच विचारून घ्या. ती चुकलीच, तर वर झ्विर्गीला पिवळी पोस्ट बस थांबते.

कड्यावर इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच भाषेतली पाटी आहे. 4 मे 1891 या तारखेला होम्सने मोरिआर्टीवर इथेच मात केली, असं ती सांगते. गोष्टीतली वाट थेट पाण्यापाशी जाऊन संपते. आजची वाट अलीकडेच शंभरेक मीटरवर थांबते, कारण पुढची गेल्या शतकभरात झिजून, ढासळून गेली. तरी इथे उभं राहिल्यावर कॉनन डॉयलची कारागिरी जशी कळते तशी घरबसल्या कळत नाही. तुषारांनी माती सतत भिजलेली असते. भिजलेली म्हणून मऊ, आणि मऊ म्हणून पावलांचे ठसे धरणारी. वॉटसनला दोन माणसांचे जाणारे ठसे दिसतात, परतणारा एकही दिसत नाही. मृत्यूचा सगळा पुरावा या चिखलावर उभा आहे. प्रेत कुठेच नाही, कारण खालच्या त्या घळीतून काही वर येईल, अशी अपेक्षाच कोणी करणार नाही.

डॉयलने 1893 मध्ये हा धबधबा पाहिला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात होम्सला मारून टाकलं. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या, होम्स आडवा येत होता. वाचक खवळले, एका बाईंनी तर पत्राची सुरुवातच शिवीने केली. 1901 मध्ये बास्करव्हिलची कादंबरी आली, पण ती होम्सच्या मरणाआधीची घटना म्हणून. खरं पुनरागमन 1903 चं, आणि तेव्हा हाच चिखल कामाला आला. होम्स पडलाच नव्हता. मागे फिरला असता तर ठसे उमटले असते. बूट उलटे घातले असते तर एकाच दिशेने जाणारे तीन माग दिसले असते आणि बनाव उघडा पडला असता. म्हणून तो वरचा खडक चढून गेला. मान वर करून तो कातळ पाहा. चढाई भयंकर आहे, पण अशक्य म्हणवत नाही. मारायला म्हणून निवडलेल्या जागेतच परतीची वाट होती.

खाली गावात जुन्या इंग्रजी चर्चच्या तळघरात संग्रहालय आहे, होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या घराची बैठकीची खोली तिथे मांडलीय. होम्सचं मूळ शोधायचं तर मात्र एडिनबरोला जावं लागतं. तिथे डॉयलचे वैद्यकीचे शिक्षक डॉ. जोसेफ बेल समोरच्या रोग्याला एकही प्रश्न न विचारता त्याचा व्यवसाय आणि तो कुठून आलाय ते सांगत. डॉयल त्यांच्या हाताखाली बाह्यरुग्णांची नोंद ठेवायचा. होम्सचं श्रेय त्याने स्वतः बेलना दिलंय.

वाचकांबद्दल डॉयलने आत्मचरित्रात प्रेमाने लिहिलंय. होम्स निवृत्त होऊन मधमाश्या पाळणार म्हटल्यावर घर सांभाळायला तयार असलेल्या बायकांची पत्रं आली. त्यातल्या एकीने तर राणीमाशी वेगळी काढता येते, हीही पात्रता कळवली. कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने मात्र त्याला तोंडावर सांगितलं, की कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही.

हे मला पटत नाही. एकूण 60 कथा-कादंबऱ्यांपैकी 33 परतल्यानंतरच्या आहेत. नाचणाऱ्या माणसांची सांकेतिक लिपी त्यातली, नेपोलियनचे सहा पुतळेही त्यातलेच. चर्चबाहेर जॉन डबलडेंनी 1988 मध्ये घडवलेला, खडकावर बसलेला ब्राँझचा होम्स आहे. त्याच्यावर साठही गोष्टींच्या खुणा कोरल्यात. त्या शोधायला उजेड असतानाच जा, आणि या 33 आधी शोधा.