सुई मोडली तरच बदलायची का?

शिलाई मशीन घ्यायची म्हटलं की लोक किती चौकशी करतात, मोटर आहे का, झिगझॅग आहे का, पार्ट मिळतात का, आणि सुईबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मशीनबरोबर जी सुई आली ती मोडेपर्यंत चालवायची, मोडली की ड्रॉवरमधून हाताला लागेल ती बसवायची, इतकंच. माझं म्हणणं असं की मोडणारी सुई परवडली, निदान ती सांगून तरी जाते. खरा ताप देते ती न मोडणारी. ती बोथट होते, टोकाला अगदी जराशी वाकते आणि तशीच गपगुमान चालत राहते, आणि आपण बाकी सगळ्या मशीनला नावं ठेवत बसतो.

टाके सुटायला लागले, म्हणजे मधेमधे टाका पडायचाच राहिला, की पहिला हात जातो दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीकडे. मग खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, काढून परत भरायची, शटलमधली धूळ झाडायची, तेल घालायचं, दोरा बदलायचा, शेवटी मेकॅनिकला फोन. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सगळ्यात आधी सुई बदलून बघावी, दोन मिनिटांचं काम आणि अख्ख्या मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, पण का कोण जाणे तेच शेवटी सुचतं.

टाका पडतो कसा ते एकदा मशीनचं चाक हाताने हळूहळू फिरवून बघा, खरंच बघण्यासारखं असतं. सुई कापडातून खाली जाते, तळाला पोचते आणि वर यायला निघते, तेव्हा किंचित वर आल्या आल्या नेढ्याजवळचा दोरा मागच्या बाजूला फुगतो आणि त्याचा बारीकसा फास तयार होतो. सुईला मागे नेढ्याच्या वर एक खोलगट जागा कोरलेली असते ती ह्याचसाठी. त्या फासात खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकचं टोक शिरतं, फास बॉबिनभोवती फिरवून आणतं आणि टाका बसतो. म्हणजे सगळा खेळ त्या एवढ्याशा फासाचा. सुई वाकडी असली, पूर्ण वर ढकललेली नसली, कापडाला न शोभणारी असली की फास नीट पडत नाही, हुक नुसतंच फिरून जातं, आणि आपल्याला दिसतो सुटलेला टाका.

(हातसुईचं नेढं वर असतं आणि मशीनच्या सुईचं टोकाशी, ह्यातच निम्मं मशीन आलं. एलायस हाऊने १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं त्यात टोकाशी नेढं असलेली सुई होती, आणि त्याच्याही आधी वॉल्टर हंटने तशी सुई वापरून मशीन बनवलं होतं पण पेटंट घ्यायचं राहिलं. असो.)

आता नंबर. पाकिटावर ९०/१४ असं काहीतरी असतं. त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.९ मिमी, आणि १४ हा त्याच जाडीचा अमेरिकन नंबर. शिफॉन, जॉर्जेट, व्हॉइल असं तलम काही असेल तर ६०/८ ते ७०/१०, शर्टाच्या कॉटनला ८०/१२, जरा जाड कापडाला ९०/१४, जीन्सला १००/१६. हे बहुतेकांना माहीत असतं, निदान जाड कापड जाड सुई इतपत तरी. गडबड पुढेच आहे, कारण नुसत्या जाडीवर भागत नाही, कापड विणलंय कसं ते बघावं लागतं.

टीशर्टचं होजिअरी कापड भिंगाखाली धरलं तर ते सगळं फाशांचंच बनलेलं दिसतं, उभे-आडवे धागे नाहीतच. तिथे टोकदार सुई घातली की ती एखादा फास कापून टाकते, शिवताना काही कळत नाही, दोनचार धुण्यांनंतर शिलाईच्या कडेने बारीक बारीक भोकं दिसायला लागतात आणि आपण म्हणतो कापडच खराब निघालं. म्हणून बॉलपॉइंट सुई, तिचं टोक किंचित गोल, ती धागा न तोडता बाजूला सारून आत जाते. लायक्रा असलेल्या फार ताणल्या जाणाऱ्या कापडाला वेगळी स्ट्रेच सुई मिळते, टाके सुटू नयेत म्हणून. उलट सिल्क, मायक्रोफायबर अशा घट्ट विणीच्या कापडाला एकदम अणकुचीदार मायक्रोटेक्स, तिथे गोल टोक चुण्या पाडतं. लेदरच्या सुईचं टोक तर पात्यासारखं, ती चक्क कापतच जाते, ती साध्या कापडाला चुकूनही लावू नये. आणि युनिव्हर्सल नावाची जी सुई सगळीकडे मिळते ती ह्या सगळ्यांच्या मधली, सगळ्यांशी गोड बोलणारी पण अडीनडीला उपयोगी पडेलच असं नाही.

बदलायची कधी? साधारण आठेक तास शिवलं की, असं सांगतात, पण तास मोजत कोण बसतंय. कान द्यायचा. बोथट सुई कापडात शिरताना टक टक आवाज करते, तलम कापडात धागा ओढला जाऊन रेघ उमटते, दोरा नेढ्यापाशी पिंजतो. शंका आली तर सुई काढून टोक नखावरून हलकेच ओढायचं, चरा उठला तर ती गेली. तिच्या दांड्याची (मशीनमध्ये बसतो त्या वरच्या जाड भागाची) चपटी बाजू काचेवर ठेवून काच आणि सुईतली फट सारखी आहे का बघितलं की वाकडेपणाही कळतो.

नवीन बसवताना घरगुती मशीनची, म्हणजे पाकिटावर १३०/७०५ एच किंवा १५×१ लिहिलेलीच बघून घ्यायची, कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो, ती इथे चालत नाही. बऱ्याच मशीनमध्ये चपटी बाजू मागे येते, काहींत बाजूला. सुईवर दांड्यापासून नेढ्यापर्यंत जी लांब खाच असते त्या बाजूने दोरा ओवायचा, हे मात्र सगळीकडे सारखं.

राहता राहिल्या अर्ध्या वापरलेल्या सुया. टीशर्टपुरती तासभर लावलेली सुई टाकवत नाही आणि पिनकुशनमध्ये खोचली की आठवड्याने ती कुठली ते देवालाही कळत नाही. दांड्यावरचा नंबर इतका बारीक की मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून वाचावा लागतो, आणि काही कंपन्या रंगीत पट्टे देतात पण एकीचे पट्टे दुसरीला लागू पडतील तर शपथ. त्यामुळे मी काढलेली सुई ज्या कापडाला वापरली त्याच्याच चिंधीत खोचून ठेवते, चिंधीवर पेनने नंबर लिहून. बाद झालेल्या जातात घट्ट झाकणाच्या बाटलीत, केरात सुट्ट्या टाकायच्या नाहीत, आणि त्यातली एखादी जाडशी भिंतीवर हलकं कॅलेंडर टांगायला मस्त चालते.