चेंबरलेन, नोंद चौथी: चौदा बटणं, चुकीची टेकडी आणि एक उघडं तोंड

मंडळी, दीड महिना नोंद टाकली नाही त्याला कारण पाऊस. जुलैमध्ये मॅट वार्निशचा स्प्रे हातात घ्यायचा नाही हे मी दरवर्षी शिकतो आणि दरवर्षी विसरतो. दमट हवेत चेंबरलेनच्या छोट्या पुतळ्याच्या गडद निळ्या कोटावर पांढरट साय धरली. उघडीप मिळाल्यावर ब्रशने ग्लॉसचा पातळ हात दिला तेव्हा बरीचशी निघाली. काखेत अजून थोडी दिसते, पण ती घामाची म्हणून खपवणार आहे. लिटल राउंड टॉप या टेकडीवर लढाईच्या दिवशी उकाडा होताच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन, अमेरिकन यादवी युद्ध, ५४ मिमीच्या तीन फिगर, म्हणजे रंगवायचे छोटे पुतळे. १८६२ चा प्राध्यापक, २ जुलै १८६३ चा, गेटिसबर्गच्या लढाईतला कर्नल आणि १२ एप्रिल १८६५ चा जनरल.

प्राध्यापक दोन संध्याकाळींत झाला. काळा कोट, हातात पुस्तक, संपलं. मेन राज्यातल्या ब्रन्सविकच्या बोडन कॉलेजात हा गृहस्थ आधी वक्तृत्वशास्त्र आणि मग आधुनिक भाषा शिकवायचा. कॉलेजने त्याला युरोपात जाऊन भाषांचा अभ्यास करायला दोन वर्षांची रजा दिली आणि हा थेट पलटणीत दाखल झाला! रजेचा इतका बेधडक वापर मी आमच्या ऑफिसातही पाहिलेला नाही. गव्हर्नर त्याला कर्नल करायला तयार होता. त्याने एक पायरी खालचं पद मागून घेतलं, आधी शिकतो म्हणाला. २०व्या मेन रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल झाला आणि वेस्ट पॉइंटला शिकलेल्या आपल्या कर्नल एम्सकडून कवायतीचे धडे घेत राहिला.

खरी मारामारी कर्नलच्या फिगरशी. किटमधल्या कोटावर बटणांच्या दोन ओळी, प्रत्येकी आठ, जोडीजोडीने. प्रायमर मारून झाल्यावर लक्षात आलं की ही मांडणी ब्रिगेडियर जनरलची आहे. कर्नलची सात-सात असतात आणि सारख्या अंतरावर. सोळा बटणं घासून काढली आणि टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉलचे चौदा ठिपके ठेवले. वाळल्यावर ठिपका बसतो, म्हणून दोनदा. पँटचंही तेच, मी किटच्या बॉक्सवर विश्वास ठेवून गडद निळी रंगवली होती. गडद निळी जनरल लोकांची, रेजिमेंटच्या अधिकाऱ्याची फिकट आकाशी. टोपीवर लाल माल्टीज क्रॉस, म्हणजे पाचव्या कोअरची पहिली डिव्हिजन. तो मात्र पहिल्याच फटक्यात जमला.

मग बेस, म्हणजे फिगरच्या पायाखालची जमीन. इथे मी मोठा गाढवपणा केला. लिटल राउंड टॉपचे गाजलेले फोटो समोर ठेवून उजाड उतार आणि मोठाले धोंडे असं सगळं उभं केलं. पण ती पश्चिमेची बाजू, जिथली झाडं लढाईआधीच तोडलेली होती. २०वी मेन होती दक्षिणेकडच्या सोंडेवर, झाडीत. युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्याच्या, अख्ख्या फळीचं ते डावं टोक. सगळं उखडलं. आता तुळशीच्या वाळक्या काड्यांचे बुंधे आहेत आणि खाली पाचोळा म्हणून वाळवलेला चहाचा चोथा. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या हातांना हे काम सांगावं लागत नाही. धोंडे मात्र घरचेच लागू पडले. तिथला खडक डायबेस, म्हणजे आपल्या बेसॉल्टचा चुलतभाऊ. घडण तीच, फक्त जमिनीखाली सावकाश निवलेला. शेजारच्या बांधकामावरची खडी आणली आणि करड्या रंगाचं ड्राय ब्रश केलं, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरून फिरवला.

उतारावर मी काडेपेटीच्या काड्यांनी रेजिमेंटची रांग आखून पाहिली. आधी सरळ, मग डावी बाजू मागे वळवून जवळजवळ काटकोन. दक्षिणेच्या १५व्या अलाबामा रेजिमेंटचे लोक बगलेवर येतायत म्हटल्यावर चेंबरलेनने माणसं विरळ करून रांग अशी लांबवली आणि वाकवली. माणशी साठ काडतुसं, ती संपत आली. खाली तुटून पडायचं किंवा जागा सोडायची, आणि जागा सोडायची मुभा नव्हती. कागदावर कितीदा वाचलं होतं, पण काड्या मांडल्यावर तो काटकोन किती नाजूक होता ते कळलं. एक काडी सरकली की मागची टेकडी उघडी.

आणि आता तोंड. संगिनी चढवून उतारावरून धावून जाण्याचा हुकूम त्याने दिला का? तो स्वतः म्हणतो, ‘बायोनेट’ एवढा एक शब्द पुरला. डाव्या बाजूची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो एलिस स्पिअर पुढे म्हणत राहिला की मला कुठलाच हुकूम ऐकू आला नाही. मेल्चर नावाचा तरुण लेफ्टनंट पुढे पडलेले जखमी आणायला जाऊ द्या म्हणत होता, धाव तिथूनच सुरू झाली असेल, हेही आहेच. म्हणजे फिगरचं तोंड उघडं करायचं की मिटलेलं? आधी मिटलेलं केलं, त्या झुपकेदार मिशांखाली लपूनही जात होतं. मग आठवलं की हा माणूस लहानपणी तोतरा बोलायचा आणि पुढे वक्तृत्व शिकवायला लागला. पुटी कोरून तोंड उघडलं. जेमतेम, एका शब्दापुरतं. स्पिअरवर माझा अविश्वास नाही. त्या गोंगाटात रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणं अवघडच होतं.

लढाईचं चित्र सगळे इथेच संपवतात, मला तिसरी फिगर जास्त आवडते. १८ जून १८६४ ला पीटर्सबर्गला गोळी दोन्ही खुब्यांतून आरपार गेली. शिपायांना पडताना दिसू नये म्हणून तलवार जमिनीत रोवून तो तिच्या आधाराने उभा राहिला, रक्त जाऊन कोसळेपर्यंत. मरतोय समजून युनियनचा सरसेनापती ग्रँटने तिथेच बढती दिली, वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमीही छापून आली. जखम कधीच नीट भरली नाही. त्यानंतर तो चार वेळा मेनचा गव्हर्नर झाला, बोडनचा प्रेसिडेंट झाला आणि १९१४ मध्ये त्याच जखमेच्या त्रासाने गेला. १२ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला शरण आलेले कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचे शिपाई, समोरून जाऊ लागले तेव्हा याने आपल्या शिपायांना शस्त्रं उचलून मानवंदना द्यायला लावली. या फिगरला बटणं आठ-आठच हवीत, त्यामुळे कर्नलचं दुसरं किट उघडलं की काम सोपं.

अडलंय ते घोड्यावर. २९ मार्च १८६५ ला क्वेकर रोडला गोळी त्याच्या शार्लमेन नावाच्या घोड्याच्या मानेतून जाऊन चेंबरलेनच्या छातीकडे आली आणि खिशातल्या आरशाने वळली. घोडा तोच धरलाय, म्हणजे मानेवर चौदा दिवसांची भरत आलेली जखम हवी. लालसर तपकिरीचा एक ठिपका, कडेला फिकट गुलाबी, असा बेत आहे. स्थिर उभा ५४ मिमी घोडा कोणाच्या स्टॅशमध्ये, म्हणजे किटच्या साठ्यात, जास्तीचा असेल तर कळवा, माझ्याकडचे दोन्ही उधळलेले आहेत.