मशीनचं पाणी बाथरूममध्ये, आणि हँडलवाली स्प्रिंग

मशीनचं पाणी सुटलं की आमच्या बाथरूमच्या जाळीतून फेसाळ, गढूळ पाणी वर यायचं. काही वेळानं आपोआप उतरायचं, म्हणून चालवून घेत होतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र ते उतरेचना. नागपुरात त्या दिवशी इडा-पिडा घालवायला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. महाल-इतवारीकडे ती निघालेली, आणि आमचा नेहमीचा प्लंबर त्याच गर्दीत. फोन उचलला त्यानं, पण ढोलताशांपलीकडे काही ऐकू येईना. हे ड्युटीवर बुटीबोरीला. घरात मी आणि सासूबाई.

"अ‍ॅसिड टाक वं, मोकळं होऊन जाते," आई म्हणाल्या. मी नको म्हटलं. अ‍ॅसिडनं केसांचा गुंता सहसा विरघळत नाही. आधीच कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असली तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो, तोही बंद बाथरूममध्ये. चोक काढायला पुड्यातून मिळणारं कॉस्टिक (दाहक सोडा) केस आणि तेलकट गाळ खातं खरं, पण साचलेल्या पाण्यात ते टाकून वर हातानं पाईप खुपसायचा म्हटलं की तेच पाणी अंगावर उडणार. दोन्हींपैकी एकच करता येतं, आणि मला हातानंच करायचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी चोक नेमका कुठं आहे ते शोधण्यात घालवला, आणि माझ्या मते तोच योग्य ठिकाणी गेला. स्वयंपाकघरातलं सिंक नीट जात होतं, त्याचा पाईप वेगळा आहे. संडासही व्यवस्थित, म्हणजे मोठ्या लाईनला काही झालं नव्हतं. बाथरूम आणि मागची मोरी, जिथं मशीनची नळी सोडलीय, या दोघी पुढं एका पाईपला मिळतात. मोरीत बादलीभर पाणी ओतलं की ते बाथरूममध्ये उगवायचं. म्हणजे अडथळा बाथरूमच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाईपमध्ये, नव्हता, दोन्ही पाईप मिळतात त्याच्या पुढं होता. मग सांदवाडीत, म्हणजे दोन घरांमधल्या बोळीत, जाऊन त्या पाईपच्या छोट्या चेंबरचं झाकण उचललं. आत जेमतेम ओल. पाणी तिथवर पोचतच नव्हतं. चेंबर काठोकाठ भरलेलं असतं तर दुखणं रस्त्याच्या लाईनीत असतं आणि ते काम महापालिकेच्या गाडीचं होतं. तिथं माणूस उतरवायचा विचारही करू नये. सुरक्षासाधनांशिवाय गटारात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे.

मेडिकल चौकाकडच्या हार्डवेअरवाल्याचं शटर अर्धं उघडं होतं. "चोक काढायची स्प्रिंग पाह्यजे का ताई? साधी का हँडलवाली?" हँडलवाली, पाच मीटरची घेतली. पोलादी तारेची लांब गुंडाळी, टोकाला उघडा आकडा, आणि मागं फिरवायची मूठ, जी स्क्रूनं तारेवर कुठंही आवळता येते. प्लंबरच्या एका फेरीपेक्षा स्वस्तच पडली.

रबरी हातमोजे घातले, जाळी काढली, साचलेलं पाणी मगानं बादलीत उपसलं. जाळीखाली ट्रॅपचं वळण असतं. त्यात दीड-दोन इंच पाणी कायम उभं राहतं आणि तेच दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. स्प्रिंग पहिल्यांदा अडते ती याच वळणावर, आणि बरेच जण तिथंच जोर लावून तार मुडपून बसतात. जोर लावायचाच नाही. मूठ जाळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आवळायची, घड्याळाच्या दिशेनं सावकाश फिरवायचं आणि हलकेच दाबायचं. वळण असेल तर कडक लागतं, आणि फिरवता फिरवता टोक एकदम सुटून पुढं सरकतं. उलटं फिरवलं तर गुंडाळीचे वेढे सैल पडतात. तार आत गेली की स्क्रू ढिला करून मूठ मागं घ्यायची, पुन्हा आवळायची. काम एवढंच, पण कंबर सांगते.

चोकाचा स्पर्श वेगळा असतो. ओल्या गादीत बोट रुतावं तसं टोक आत शिरतं, पण पुढं जात नाही, आणि मूठ फिरवताना तार पीळ धरते. तिथं आरपार घुसवायची घाई केली नाही. आकड्यात काही अडकेल इतकं फिरवलं आणि तशीच फिरवत हळूहळू बाहेर ओढली.

निघालं ते काय सांगू! केसांचा जाड पुंजका, गोधडीचे दोरे, शॅम्पूच्या पुडीचा फाटलेला कोपरा आणि या सगळ्यावर पांढुरका, चिकट थर. तो थर साबणाचा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची वडी मिळाली की न विरघळणारी साय तयार होते आणि ती केसांना चिकटते. आईंनी बादलीत डोकावून पाहिलं आणि दारातूनच आरोळी दिली, "घेऊन जा गे मारबत!"

त्यांना मी चेंबरपाशी उभं केलं आणि पुन्हा स्प्रिंग घातली. दोन-तीनदा नुसता गाळ आला. मग हातातला पीळ एकदम सुटला आणि सांदवाडीतून आवाज आला, "आलं वं, आलं! काळंशार येऊन राह्यलं!" पाणी गर्रकन खाली गेलं.

त्यानंतर गरम पाणी सोडलं, उकळतं नाही. पीव्हीसीच्या पाईपला साधारण 60 अंशांपर्यंतचंच पाणी मानवतं. स्प्रिंग बाहेर घेतानाच जुन्या कापडानं पुसत आणली, नळाखाली धुतली, उन्हात वाळवून तेलाचा हात फिरवला, नाहीतर गंज चढतो. मशीनच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधलीय. दर धुण्याला तीत कपड्यांची इतकी लव जमते की बाथरूमच्या जाळीला मी उगाच दोष देत नाही.

वरच्या भाडेकरू वहिनी स्प्रिंग मागायला आल्या होत्या, सिंकसाठी. म्हटलं, आधी सिंकखाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप हातानं उघडून पाहा, बहुतेक वेळा तिथंच भात-डाळ बसलेली असते. आणि संडासाच्या भांड्यात ही घालू नका, चिनीमातीवर ओरखडे पडतात. त्याची प्लास्टिकचं आवरण असलेली वेगळी मिळते. वहिनी तरी स्प्रिंग घेऊनच गेल्या.