गंगेकाठच्या रेतीत पुरलेली लाकडं: पहिल्या वर्षाची नोंद

मराठवाडा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काळी कसदार जमीन येते. आमचं परसदार गंगाखेडच्या बाजूला, गंगेच्या (इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) अगदी काठावर, आणि तिथं नुसती रेती. सकाळी दिलेलं पाणी दुपारी खुरप्याला लागत नाही. शेणखत घातलं तर एका पावसाळ्यात त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून लाकडं पुरून त्यावर वाफा करायची जर्मनी-ऑस्ट्रियाकडची पद्धत, ह्यूगलकल्टर, करून बघायला घेतली.

मागच्या वैशाखात दोन वाफे केले. एक तिकडच्या फोटोंत असतो तसा कमरेइतका उंचवटा. दुसरा उलटा: दोन फूट खोल चर, त्यात लाकडं, आणि वरची माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खालीच.

उंचवटा आपल्या कामाचा नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. थंड मुलखात माती लवकर तापावी म्हणून उंची उपयोगी पडते. इथं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं असतो, वारा दोन्ही अंगांनी ओल ओढून नेतो. शिवाय रेती उतारावर थांबतच नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला अर्धी माती पायथ्याशी आली. उरलेल्या कोरड्या ढिगात वाळवीनं बस्तान मांडलं. (वाफा घराच्या पायापासून आणि फळझाडांच्या बुंध्यापासून लांबच करा.) चरात पावसाचं पाणी आपसूक उतरतं. शेजारच्या साध्या वाफ्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, चराला तीन-चार दिवसांनी.

लाकूड फुकटचं: काठावरची वेडी बाभूळ, शेवग्याच्या फांद्या, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या. शेवगा आधी वाळवून घ्या, ओला पुरला तर फुटवे येतात. पऱ्हाटीला राहिलेली बोंडं तोडून जाळा, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते. आमचे आबा बांधावरून ओरडलेच, "लाकडं चुलीत घालायची सोडून मातीत पुरायलास व्हय रे?"

पण लाकडापेक्षा महत्त्वाचा त्यामधला भरणा. ओंडक्यांमधल्या फटी तशाच ठेवल्या तर रेती हळूहळू आत घसरते, वाफा खचतो आणि मुळं पोकळीत लोंबकळून वाळतात. म्हणून लाकडं आधी हौदात भिजवली आणि प्रत्येक थरावर शेण व तळ्यातला गाळ कालवून पातळ रबडी ओतली. गाळातली चिकणमाती रेतीत ओल धरते, जे कोरडं नवं लाकूड पहिल्या वर्षी फारसं करत नाही. लाकूड कुजायला लागल्यावरच स्पंजासारखं पाणी धरतं. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही धरणांतला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना आली, त्यामुळं गावातल्या कुणाकडं तरी ट्रॉलीभर गाळ मिळतोच.

पहिलं पीक वांगी आणि चवळी. वांग्याची खालची पानं महिनाभरात पिवळी पडली. लाकडात कार्बन भरमसाट, नत्र नावाला; ते कुजवणारे जीवाणू आणि बुरशी मातीतलं नत्र ओढून घेतात. पाण्यात पातळ केलेलं गोमूत्र दिल्यावर वांगी सावरली. चवळी मात्र पहिल्यापासून हिरवीगार, तिच्या मुळांवरच्या गाठी स्वतःचं नत्र स्वतः बांधतात. पहिल्या वर्षी चवळी, गवार, वाल हेच लावावं.

गेल्या आठवड्यात चर एका टोकाला उकरून बघितला. बाभळीची साल हातात मोज्यासारखी निघाली, आत पांढऱ्या बुरशीचं जाळं, बाहेरचं पांढरं लाकूड नखानं खरवडतंय. पण आतला लाल गाभा जसाच्या तसा, खुरपं मारलं तर टणकन आवाज. शेवग्याचा तुकडा तर बोटानं चुरगळला आणि त्यात चवळीची बारीक मुळं शिरलेली. म्हणजे आमच्याकडं मऊ लाकूड खाली जास्त, बाभूळ थोडी, असं प्रमाण पाहिजे. वाफा वीतभर खचलाय, त्यावर रोहिणीच्या आधी पुन्हा गाळ आणि सोयाबीनचं भुस्कट घालणार.

उंचवटा मोडून त्याचीही लाकडं नव्या चरात जातील, वाळवीसाठी निंबोळी पेंड मिसळून. या वेळी सुबाभूळही वापरायची आहे. कुणी पुरून बघितली असेल तर किती दिवसांत मऊ पडते आणि फुटवे येतात का, तेवढं सांगा.