लाल कोळी आणि लेबलवरचे दिवस

मंगळवार, जानेवारी

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळं रस्त्यावरचा आमचा स्टॉलही थंडच. घृष्णेश्वराला आलेली मंडळी दोन-चार डबे नेतात, तेवढीच विक्री. स्ट्रॉबेरीची तोडणी लवकर उरकली आणि भिंग घेऊन वाफ्यात बसलो. पान उलटं केलं की शिरेलगत बारीक जाळी, आणि तिच्यात तिखटाच्या कणाएवढे ठिपके. भिंगातून बघितलं की ते चालताना दिसतात. लाल कोळीच. रस्त्याकडच्या दोन सऱ्यांत जास्त, कारण गाड्यांची धूळ पानांवर बसते आणि धूळ, कोरडी हवा या किडीला मानवते.

पूर्वी एवढं दिसलं की पंप पाठीवर. पण औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते छापलेलं असतं, आणि स्ट्रॉबेरी पिकायला लागली की दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर मऊ पडते. थांबायचं कधी? त्यात या फळाला सोलायला साल नाही. पर्यटकांची पोरं तर तोडतात आणि तशीच तोंडात टाकतात. सेंद्रियकडं वळलो ते या हिशेबापायी, गाईच्या भक्तीपोटी नाही.

दुपारी भाऊजी आले. म्हणाले, "जीवामृतानं कोळी मरतो व्हय?"

"नाही मरत. ते जमिनीसाठी आहे."

जीवामृत म्हणजे 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, 200 लिटर पाणी, एकराला एवढं. लोक व्हिडिओ बघून तेच प्रत्येक रोगावर मारतात, मला काही पटत नाही. कोळीला पाच टक्के निंबोळी अर्क, तोही पानाच्या खालून, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर. रस्त्याकडच्या सऱ्यांवर सकाळी नुसतं पाणी मारून धूळ उतरवायची.

बायको म्हणते, "अहो, पाटीवर सेंद्रिय लिहा ना, चार पैसे जास्त येतील." लिहिणार नाही. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेतं तपासायची आणि सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळवायचं. त्या गटात आम्ही अजून 'ग्रीन'वर, म्हणजे बदलाच्या काळात. तोवर खर्च सेंद्रियचा आणि भाव महाबळेश्वरहून आलेल्या डब्याचा. हे मात्र झोंबतं.

जूनमध्ये वेचलेल्या निंबोळ्या पोत्यात आहेत. गिरणीवाला दळून द्यायला तयार नाही. पीठ कडू होतं म्हणतो, आणि त्याचं खरंच आहे. आता उखळात कुटायच्या आणि रात्री भिजत घालायच्या.