शेवटचा नंबर

लातूरहून परत आल्यानंतरचा पहिला शनिवार. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या जेवणाची, भज्जी अजून अंगावर होती, डावा गुडघा कुरकुरत होता आणि बाहेर बर्मिंगहॅमचा नेहमीचा पाऊस, धड पडत नाही आणि थांबतही नाही असा. तरी गेलो. पाच किलोमीटरची पार्करन, दोनशेच्या आसपास माणसं, आणि सगळ्यांच्या मागं मी. माझ्या मागं फक्त भडक जाकीट घातलेले एक आजोबा. ते टेल वॉकर. जो कोणी सगळ्यात मागं असेल त्याच्याही मागून चालायचं, एवढंच त्यांचं त्या दिवसाचं काम.

मी दोनदा म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, माझ्यापायी भिजताय. ते म्हणाले, "मी पुढं गेलो तर तू शेवटचा येशील की!"

दुपारी मोबाइलवर निकाल आला. सगळ्यात खाली आजोबांचं नाव, त्याच्या वर माझं. हा नियम मला चार वर्षांपासून माहीत आहे. शेवटचा नंबर स्वयंसेवक स्वतःकडं घेतो, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येत नाही. पण आपलं नाव खालून दुसरं आहे हे बघताना मला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचाच राग आला.

लातूरच्या माणसाला हे पचणं अवघड आहे. ज्या गावात चौकाचौकांत पोरांचे फोटो आणि खाली दशांशचिन्हासकट टक्के लटकलेले असतात, तिथं वाढलोय मी. त्या फ्लेक्सवर मी कधीच नव्हतो, हेही सांगून टाकतो. आमच्या शाळेत मार्कांप्रमाणं तुकड्या पाडायचे. मी 'ड'मध्ये. 'अ'च्या वर्गाला दोन पंखे होते, आमच्या वर्गाला पंख्याचा हूक होता. असो.

पार्करनचं गणितच उलटं. 2 ऑक्टोबर 2004ला, म्हणजे गांधी जयंतीला, लंडनच्या बुशी पार्कात 13 जण धावले, तिथून हे सुरू झालं. फी नाही, बक्षीस नाही. आपला बारकोड घेऊन जायचं. घड्याळ लावणारा, टोकन देणारा, वळणावर उभा राहून हात दाखवणारा, सगळे बिनपगारी. 2024च्या फेब्रुवारीत तर त्यांनी वेबसाइटवरून कोर्स रेकॉर्डच, म्हणजे त्या-त्या मार्गावरचे वेगाचे विक्रमच, काढून टाकले, का तर नव्या माणसाला दडपण येऊ नये. पुष्कळ लोक चिडले, सह्यांची मोहीम झाली. त्यात माझीही सही आहे. येतो शेवटून, पण रेकॉर्ड पाहिजे म्हणे!

पार्करनला मला ओढून नेलं ते आमच्या भागातल्या धावण्याच्या क्लबानं. क्लब म्हणजे काय, तर मंगळवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये जमणारी तीसेक माणसं. बाळंतपणानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलेली एक पोरगी, हिजाब घालून धावणाऱ्या दोघी बहिणी, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ जे धावतात की चालतात हे नक्की सांगता येत नाही, आणि एक अंध बाई. त्यांच्या नि वाटाड्याच्या हातात एकच छोटा पट्टा असतो, एक टोक हिच्याकडं, एक त्याच्याकडं. वाटाड्या सतत बोलत असतो, "पायरी खाली, डावीकडं खांब, आता सपाट." ओढायचं मात्र नाही. पॅरालिम्पिकमध्येसुद्धा रेघ आधी खेळाडूनं ओलांडायची, वाटाड्यानं नंतर, असा नियमच आहे.

आणखी एक पद्धत आहे, तिचं मला फार अप्रूप. जोरात पळणाऱ्यांनी पुढं जाऊन थांबायचं नाही. वळून मागं यायचं, शेवटच्या माणसाला वळसा घालायचा आणि पुन्हा पुढं. त्यांचं अंतर वाढतं, आपल्याला कुणी ताटकळत उभं राहिलंय असं वाटत नाही. निवृत्त झालेल्या एक बाई हे सगळं चालवतात. निघताना डोकी मोजतात, आल्यावर मोजतात. एकदा तीसचे एकोणतीस भरले तर सगळ्यांना थंडीत उभं करून त्या स्वतः बॅटरी घेऊन कालव्यापर्यंत जाऊन आल्या. तिसावा पठ्ठ्या मधूनच घरी गेला होता. त्याला नंतर जे ऐकवलं, त्यातले काही इंग्रजी शब्द मला नवीन होते.

इथपर्यंत कौतुक. आता 'वेल डन'.

तुम्ही श्वास घेतला, वेल डन. बुटाची नाडी बांधली, वेल डन. चढावर उभे राहून धापा टाकताय, कुठलंही चांगलं काम केलेलं नाही, शेजारून कुत्रं घेऊन जाणारा अनोळखी माणूस म्हणतो, वेल डन मेट! पहिल्या वर्षी मला वाटायचं हे माझी टिंगल करतायत. दुसऱ्या वर्षी कळलं, खरंच म्हणतायत, आणि ते जास्त लागलं. आमच्याकडं चौऱ्याण्णव टक्क्यांवर "सहा कुठं गेले?" विचारतात. माझी आई तीन कोसांवरून डोक्यावर पाणी आणायची, तिला कुणी म्हटलं होतं वेल डन? आणि मराठीत म्हणायचं तरी काय? 'शाब्बास' लहान पोराला किंवा बैलाला. 'छान' म्हटलं की गाणं ऐकल्यासारखं वाटतं.

त्यात क्लबाचा नियम, वर्षातून दोनदा तरी प्रत्येकानं स्वयंसेवक व्हायचं. ग्रुपवर यादी येते, शंकू कोण उचलणार, चहाचं कोण बघणार. मी सहा महिने ती यादी न वाचल्यासारखी केली. नोकरी करून, मुलगी सांभाळून, वर फुकट शंकू उचलायला मी काय रिकामा आहे? शेवटी क्लब चालवणाऱ्या त्या बाईंनी मला नुसतं विचारलं, आणि मी नाही म्हणू शकलो नाही. तळ्याच्या वळणावर दीड तास उभा. काम एकच, उजवीकडं हात दाखवायचा. शेवटच्या काही जणी येत होत्या, एकीचा चेहरा रडवेला झालेला. माझ्या तोंडून जे निघालं ते शाळेतल्या कबड्डीचं होतं, "चल चल चल चल, आलं आलं!" तिला काय कळलं देव जाणे, पण ती पळाली. आता त्या वळणावर मी उभा असलो की लोक आपणहून ओरडतात, "आलं आलं!" वेल डन मात्र मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.

आणि धावण्यातलं मला फार शिकवू नये कुणी. 6 ऑगस्ट 2022ला मी याच बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर स्टेडियममध्ये बसलो होतो. राष्ट्रकुल स्पर्धा, तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे नि पाणी ओलांडत पळायची शर्यत, आणि बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 1998पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियावाले घरी न्यायचे. त्यांच्यात घुसून यानं रौप्य काढलं, 8 मिनिटं 11.20 सेकंद, सोनं अवघ्या 0.05 सेकंदानं हुकलं. पुढच्या मंगळवारी मी क्लबात सगळ्यांना सांगितलं, आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा आहे. आष्टीहून लातूरपेक्षा नगर जवळ, एवढा बारीक भूगोल त्यांना सांगितला नाही. सगळे काय म्हणाले असतील, ओळखा.

सेवेचंही तसंच. आजोळ अंबाजोगाईकडचं, त्या वाटेनं शेगावची पालखी जाते. आजी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायची, आजोबा पिठलं-भाकरीची पंगत उठवायचे. यादी नाही, ग्रुप नाही, जाकीट नाही. हे मी क्लबात अभिमानानं सांगत होतो, तेव्हा त्या अंध बाईंनी विचारलं, "मग माझ्यासारखी कुणी आली तर तुमच्या वारीत कसं करतात?"

मी म्हटलं, जातात की. जातातही. पण बोलताना डोळ्यांसमोर ताई होती.

ताई म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. दिंडी यायची तेव्हा ती दारात हंडा घेऊन बसायची आणि पाणी द्यायची. दरवर्षी म्हणायची मला पण जायचंय, दरवर्षी घरचे म्हणायचे तुला झेपायचं नाही, मागं राहशील. आम्हीसुद्धा म्हणायचो. रस्ते तसे होते, दिवस तसे होते, आणि मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा होतो, माझं कोण ऐकणार? नंतर मी नोकरीला लागलो तेव्हाही पालखी दरवर्षी येतच होती, हे खरं आहे. पण तेव्हा मी पुण्यात होतो.

यावेळी गेलो तेव्हा ताईला म्हटलं, सकाळी क्रीडा संकुलावर चल, एक चक्कर मारू, चारशे मीटर. ती आधी हसली. मग दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून तयार.

मैदानावर पोलीस भरतीची पोरंपोरी. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. शारीरिक चाचणीतल्या 50 गुणांपैकी त्या एका धावण्याला 20, तेही सेकंदांवर ठरणारे. त्यामुळं प्रत्येकाच्या हातात घड्याळ, तोंडात शिव्या. ताई कडेनं निघाली. मी क्लबात शिकल्याप्रमाणं चार पावलं मागं राहिलो. तिला एकटं वाटू नये, घाई वाटू नये, शेवटचा नंबर माझा.

अर्ध्या चकरेत ती थांबली. "काय रं, मागं मागं का येलालास, चोरावाणी?"

मी तिला टेल वॉकर समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "संगं चाल की मग." आम्ही संगं चाललो. मागून एक पोरगं ओरडलं, "मावशी, कडंला!" ती म्हणाली, "तूच हो कडंला, माझा राउंड चाललाय."

रेघेवर आलो. तिनं खुब्यावर हात ठेवून दम घेतला आणि विचारलं, "किती मिन्टं झाली?"

घड्याळ लावलंच नव्हतं. क्लबात आम्ही वेळेचं दडपण घेत नाही, वगैरे मी सुरू केलं. ताईनं बोलूच दिलं नाही. "ह्या पोरायचं समद्यांचं मोजत्यात. माझंच मोजाय काय झालतं? उद्या मोबाइल घिऊन रेघंवर उभा ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी रेघेवर उभा राहिलो. 11 मिनिटं 40 सेकंद. घरी येईपर्यंत तिनं तो आकडा दूधवाल्याला, शेजारणीला आणि वहिनीच्या माहेरी फोन करून सांगितला होता.

आता तिच्यासोबत शेजारची एक भरतीवाली पोरगी जाते, घड्याळ तिच्याकडं असतं. काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ताईचा मेसेज आला, 10.52. खाली विचारलंय, तुझा शनिवारी कितवा नंबर आला?