फोटो नको, टाइप करून पाठवा

आज एम.ए.च्या पेपरला लेखनिक म्हणून बसले. परीक्षार्थी मुलगी पूर्ण अंध. उत्तर सांगताना तिचे कान माझ्या पेनाकडे. पेन थांबलं की पुढचं वाक्य. ‘ताई, इथे नवा परिच्छेद,’ हेही तीच सांगायची. तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, ती लागतातच.

तिच्या वर्गाच्या ग्रुपवर नोट्सचे नुसते फोटो येतात, स्क्रीन रीडरला (मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नीट वाचता येत नाहीत. मग ती एकेकाला व्हॉइस मेसेज करते, ‘टाइप करून दे ना.’ टाइप केलेली एक फाइल मिळाली, तर ती जुन्या फॉन्टमधली! मोबाइल मराठीऐवजी भलतीच अक्षरं वाचत सुटला. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलला मराठी म्हणूनच ओळखता येईल अशा अक्षरांत, टाइप करणं इतकं का अवघड आहे? मराठी शिकवणाऱ्यांनी तरी करायलाच हवं.

तिच्या राहिलेल्या नोट्स मी रविवारी टाइप करतेय. कोण येतंय मदतीला?